तिसऱ्यांदा विचारण्याची वाट

रविवारी चर्चहून आल्यावर टोलेफ्सनांच्या टेबलावर बातम्या ठरलेल्या क्रमानं सांगितल्या जातात. आधी हवा, मग मका, मग कोण आजारी आहे आणि शेवटी कोण गेलं. त्यामुळे दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेताना अल्व्हिना म्हणाली, "शुक्रवारी एक फोन आला होता," तेव्हा कुणी मान वर केली नाही. अजून हवाच संपली नव्हती.

"कुणाचा?" मर्टलनं नणंदेकडे ग्रेव्ही सरकवत विचारलं.

"फिलाडेल्फियाहून."

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. एक पदक होतं. रसायनशास्त्राचं."

"हं," ऑर्व्हिल म्हणाला. बहिणीच्या पन्नास वर्षांच्या रसायनशास्त्रावर त्यानं आजवर जी मतं दिली होती, त्यांत हे सर्वांत सविस्तर होतं.

"मोठं आहे का, आत्या?" डेलनं विचारलं. डेल हा ऑर्व्हिल आणि मर्टलचा एकुलता एक मुलगा. वय तेहतीस, वजन अडीचशे पौंड, आणि ताटात तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं.

"आहे तसं. कॅडवॉलडर पदक म्हणतात. वर्षातून एकालाच देतात. बाईला अजून दिलेलं नाही." अल्व्हिनानं मीठ शिंपडलं. "बीट छान झालंय, मर्टल."

"जरा आंबटच झालंय," मर्टल म्हणाली. बीट उत्तम झालं होतं.

डेलच्या बायकोचा काटा मात्र हवेत थांबला. लोरेटा मूळची न्यू जर्सीची, इटालियन घरातली. डेल फौजेत असताना त्याला तिकडे मिळाली. नऊ वर्षं ती आमच्यात राहते आहे, पण अजूनही तिला एखादी गोष्ट आवडली तर ती 'आवडली' असं म्हणते.

"मिळालं म्हणजे? तुम्हाला मिळालं?"

"देत होते. त्या गृहस्थानं विचारलं, स्वीकाराल का. मी म्हटलं, छे हो, माझ्याहून लायक माणसं पुष्कळ आहेत."

"बरोबर," मर्टल म्हणाली.

"मग?"

"मग तो म्हणाला, तुमच्या भावनेचा आम्ही आदर करतो." अल्व्हिनानं बटाट्याचा घास कापला, त्याचे परत दोन केले. "आणि फोन ठेवून दिला."

टेबलावर शांतता पसरली. आमच्या पश्चिम मिनेसोटात शांतता पुष्कळ असते, पण ही निराळी होती. ऑर्व्हिलनं चक्क सुरी खाली ठेवली.

"एकदाच विचारलं?"

"एकदाच."

"कुठला म्हणालीस तो?"

"फिलाडेल्फियाचा."

"हं. मग काय," ऑर्व्हिल म्हणाला.

लोरेटाला यातलं सगळं कळलं, कारण ती ते फार महाग शिकली होती. लग्न होऊन आली त्या पहिल्या हिवाळ्यात मर्टल तिच्याकडे बसायला आली होती. लोरेटानं विचारलं, कॉफी घेणार? मर्टल म्हणाली, नको, उगाच कशाला. लोरेटानं भांडं परत फळीवर ठेवलं. सासूबाई तीन तास कोरड्या घशानं बसल्या, घर छान ठेवलंयस म्हणाल्या आणि गेल्या. पुढे सहा आठवड्यांनी डेलनं बायकोला समजावलं, की पहिला 'नको' नुसता रीतीचा असतो, दुसरा समोरच्याला खरंच द्यायचं आहे का ते बघायला असतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, 'बरं, अर्धा कप.' मग पूर्ण कप द्यायचा. या हिशेबानं अल्व्हिनानं पदकाला पहिला 'नको' अगदी रीतसर दिला होता आणि फोन कानाला लावून ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभी राहिली होती. समोरून आला तो नुसता फोन बंद झाल्याचा आवाज.

"फोन करा त्याला," लोरेटा म्हणाली.

"आणि काय सांगू?"

"की हवंय."

मर्टलनं पटकन जेलीचा वाडगा उचलून सुनेपुढे धरला. टोलेफ्सनांकडे कुणी असलं काही बोललं की त्याच्या ताटात जेली पडते.

"त्याचा नंबर आहे?" लोरेटानं जेली घेतली, पण माघार घेतली नाही.

"आहे. त्यानं सांगितला. लिहून न घेणं बरं दिसलं नसतं. उद्या सकाळी त्यांच्या मंडळाची बैठक आहे, तिथे नाव पक्कं होणार. आज दोन वाजता तो विमान गाठायला घरातून निघेल. तोवर घरी आहे." अल्व्हिनानं नॅपकिनची घडी घातली. "म्हणजे तिकडचे दोन. आपल्याकडे एक."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. नकार दिलेल्या पदकाची वेळ एखाद्या बाईला मिनिटासकट पाठ का असावी, हा प्रश्न सगळ्यांना पडला आणि कुणीही विचारला नाही.

*

मर्टल धूत होती, लोरेटा पुसत होती. खिडकीतून अल्व्हिना अंगणात उभी दिसत होती. अंगात चर्चचा कोट, पाठ घराकडे.

"त्यांना ते हवंय," लोरेटा म्हणाली.

"हवंय ना. निळा ड्रेस घालून आलीय. प्रोफेसर झाली तेव्हा तो तिनं शेवटचा घातला होता. एकोणपन्नासाव्या वर्षी केलं त्यांनी तिला प्रोफेसर. तोवर तिनं शिकवलेली मुलं तिच्याआधी प्रोफेसर झाली होती." मर्टलनं ताट विसळलं. "सोळाव्या वर्षी आपल्या डेअरीत दुधात आम्ल घालून फॅट मोजायची ती. शेतकरी म्हणायचे, पोरगी मोजते ते खरं. कुणाच्या दुधात पाणी निघालं तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगायची."

"मग तुम्ही म्हणा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"मी नाही म्हणणार."

लोरेटानं पुसलेलंच ताट परत पुसलं. नऊ वर्षांत मर्टल एवढं सरळ बोललेली तिनं ऐकली नव्हती.

"पदक घेतलं की भाषण करावं लागतं," मर्टल म्हणाली. "ते छापतात. त्यात ही कल्पना कशी सुचली ते सांगायचं असतं."

"मग सांगतील. विहिरीच्या पाण्याची पुडी. एवढं तर मलाही माहीत आहे."

पुडी आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. डोकेदुखीच्या औषधासारखी कागदात बांधलेली, तीन भुकट्या एकत्र. जॅमच्या रिकाम्या ग्लासात विहिरीचं पाणी घ्यायचं, पुडी सोडायची, आकाशातल्या पित्याची प्रार्थना सावकाश दोनदा म्हणायची. पाणी गुलाबी झालं तर ते बाळाला द्यायचं नाही. खतातलं, शेणातलं नायट्रेट पाण्यात उतरलेलं असतं; मोठ्यांना त्याचं काही होत नाही, पण तान्ह्या पोराचं रक्त त्यानं हवा धरेनासं होतं. पूर्वी ही तपासणी प्रयोगशाळेत होई आणि दोन दिवस लागत. अल्व्हिनानं ती स्वयंपाकघरात आणली. राजधानीतल्या एका साहेबानं तेव्हा विचारलं होतं, की गृहिणींना रसायनशास्त्र झेपेल का. अल्व्हिनानं उत्तर पाठवलं, की त्या रोज पाव फुगवतात. तिच्या आयुष्यातलं एवढं एकच उद्धट पत्र. त्याची नक्कल करून ठेवल्याबद्दल तिला अजून लाज वाटते.

"कुणाची विहीर, हे माहीत आहे का तुला?" मर्टलनं विचारलं.

"लेखात आहे की. पश्चिमेकडच्या एका शेतावरची."

मर्टलनं हात पुसले. मग बाहेर गोठ्याकडे बोट केलं. गोठ्याला लागून एक गोल मोकळी जागा होती. तिथे कुणी ट्रॅक्टर लावत नसे, गवतही कापत नसे. लोरेटाला ती नऊ वर्षं निव्वळ आळस वाटत आली होती.

"ऑर्व्हिलनं खणली होती, एकट्यानं. गुरांना पाणी जवळ पडावं म्हणून गोठ्याजवळ. मग डेल झाला. माझं दूध पुरेना, म्हणून डब्यातली पावडर त्याच पाण्यात कालवायची. सात आठवड्यांचा असताना त्याची नखं पाटीसारखी निळसर-काळी दिसायला लागली. मग ओठ. डॉक्टर म्हणाले, काळजात दोष आहे, तयारी ठेवा."

"कसली तयारी?"

मर्टलनं एप्रन सरळ केला. "अल्व्हिना सुट्टीला आली होती. तिनं पोराकडे पाहिलं, मग चुलीवरच्या किटलीकडे पाहिलं. पोराला कोटात घातलं, बरणीत पाणी घेतलं आणि ऑर्व्हिलला म्हणाली, गाडी काढ. बावीस मैल. दुसऱ्या डॉक्टरला तिनं सांगितलं काय टोचायचं ते. निळं औषध होतं, शाईसारखं. निळ्या पोराला निळी शाई टोचली आणि तासाभरात तो गुलाबी झाला. मी समोर बसून पाहिलंय. अजून मला ते पटलेलं नाही."

लोरेटानं फडकं खाली ठेवलं.

"डेलला माहीत आहे?"

"कशाला उगाच. तो बरा झाला ना." मर्टलनं परत पाण्यात हात घातले. "ऑर्व्हिलनं त्याच आठवड्यात विहीर दगडांनी बुजवली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. अल्व्हिनानंही पहिल्या लेखापासून एकतीस वर्षं 'एका शेतावरची' असंच लिहिलंय. आता टाळ्या वाजवणाऱ्या माणसांपुढे ती काय सांगणार? माझ्या भावानं स्वतःच्या पोराला ते पाणी पाजलं, म्हणून? ते ती करायची नाही. आणि तिनं करावं असं मलाही वाटत नाही. पदकं काय, येतात."

"येत नाहीत, मर्टल. त्या सदुसष्टच्या झाल्या, तोवर आलं नव्हतं."

बारा पस्तीस झाले होते. लोरेटाला सासूला मिठी मारावीशी वाटली. पण तशी मारली तर मर्टल आठवडाभर आजारी पडेल, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "ताटं मी धुते. तुम्ही बसा."

"नको, उगाच कशाला," मर्टल म्हणाली.

लोरेटानं आणखी दोनदा विचारलं. मर्टल बसली. मग लोरेटानं ताटं तशीच सोडली आणि नवऱ्याला शोधायला गेली.

*

ऑर्व्हिल बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा त्यानं मधे चार फूट जागा ठेवली. नोव्हेंबरचं कोरडं ऊन होतं. दोघंही त्या गोल जागेकडे न पाहण्याच्या बेतानं उभी होती, त्यामुळे दोघांचीही तोंडं अंमळ वाकडी झाली होती.

"बर्फ पडेल बुधवारपर्यंत," ऑर्व्हिल म्हणाला.

"पडेल."

"वारा तसा वायव्येचा आहे."

"आहे."

एवढं हृद्गत झाल्यावर ऑर्व्हिलनं टोपी काढून आत पाहिलं. त्याला बोलायचं होतं आणि बोलण्याची त्याला मुळात सवय नव्हती. बहीण शहरात शिकायला गेली तेव्हा स्टेशनवर तो तिला म्हणाला होता, 'बरं मग.' तेवढ्यावर त्यांचं पन्नास वर्षं उत्तम चाललं होतं.

"त्या भाषणात काय सांगावं लागतं?"

"कसं सुचलं ते."

"मग तू काय सांगितलं असतंस?"

"तेच. एका शेतावरची विहीर."

"एवढ्यावर भागलं असतं?"

अल्व्हिनानं हातमोजे नीट केले. "भागलं नसतं, ऑर्व्ही. तिथे मग लोक विचारतात. आणि मी खोटं वाचू शकत नाही. प्रयोगाच्या वहीत आहे तेच वाचते. वहीत तारीख आहे, तास आहे, आणि तुझं नाव आहे. त्या दिवशी कागदावर दुसरं काय लिहिणार होते मी?"

"म्हणून नको म्हणालीस."

"नको मी रीत म्हणून म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, झालं ते बरंच झालं. मग रात्रभर तसं वाटेना."

ऑर्व्हिलनं टोपी घातली. तो काही म्हणणार होता, पण घराच्या बाजूनं डेल येत होता आणि त्याच्या मागे, मी काही केलेलं नाही असा चेहरा करून, लोरेटा. मर्टलही दारात येऊन उभी राहिली होती.

"मी निळा होतो?" डेलनं विचारलं.

"थोडासा," अल्व्हिना म्हणाली.

"किती?"

"पाटीइतका. ओठांपाशी जास्त."

डेलनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही पंजे फावड्याएवढे आणि बीटासारखे लाल होते. त्याला काय वाटलं ते तो आजन्म कुणाला सांगणार नव्हता, टोलेफ्सनच तो. पण तो चालत गेला आणि त्या गोल जागेत, बरोबर मधोमध उभा राहिला. तेहतीस वर्षांत तिथे पाय ठेवलेला तो पहिला माणूस.

"ही?"

"ती," ऑर्व्हिल म्हणाला.

"किती खोल होती?"

"अठरा फूट."

"हातानं खणलीत? एकट्यानं?"

"फावडं होतं."

डेल थोडा वेळ बुटाच्या टाचेनं माती दाबत राहिला. "सहा दिवस लागले असतील."

"नऊ," ऑर्व्हिल म्हणाला. "खाली दगड लागला." आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, तो पुढे बोलला. "पाणी गार होतं. चांगलं लागायचं. मला वाटलं होतं, आपल्या पोराला आपल्या हातचं पाणी."

मर्टल दारातच होती. तिला आठवलं ते एवढंच, की त्या आठवड्यात ऑर्व्हिल जेवायलाही आत येत नव्हता. ती ताट बाहेर नेऊन ठेवायची आणि तो दगड टाकत असायचा. त्याला जपायचं म्हणून ती तेहतीस वर्षं गप्प राहिली आणि त्याला वाटत राहिलं, की ती बोलत नाही ती रागानं. हे तिला आत्ता, त्याच्या पाठीकडे पाहताना कळलं.

"ऑर्व्हिल," ती म्हणाली, "एकला दहा कमी आहेत."

लोरेटानं सासूकडे वळून पाहिलं. मर्टल कोणत्या बाजूला गेली आहे ते मर्टललाही नुकतंच समजत होतं.

*

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. नंबर ऑर्व्हिलनं फिरवला. त्यानं कधी राज्याबाहेर फोन केलेला नव्हता, म्हणून फिलाडेल्फियाच्या अंतराचा अंदाज घेऊन तो मोठ्यानं बोलू लागला.

"मी ऑर्व्हिल टोलेफ्सन बोलतोय. अल्व्हिनाचा भाऊ. तुमच्याकडे हवा कशी आहे?"

पलीकडे डॉक्टर ब्रँट नावाचे गृहस्थ होते. कोट घातलेला, बॅग दाराशी. हवा बरी आहे, ते म्हणाले.

"इकडेही बरी आहे. बर्फ पडेल बुधवारी. तुम्ही घाईत नाही ना?"

"तसा थोडा घाईत आहे, मिस्टर टोलेफ्सन."

"मग थोडक्यात सांगतो," ऑर्व्हिल म्हणाला आणि मक्याचं सांगू लागला.

"द्या इकडे," लोरेटानं हात पुढे केला. पण ऑर्व्हिलनं मान हलवली. घड्याळात पाच मिनिटं उरली होती. तो मक्यावरून कसाबसा परतला.

"तर त्या पदकाचं. तुम्हाला तसं फार अवघड होणार नसेल, आणि दुसऱ्या कुणाची अडचण होणार नसेल, तर तिला त्याचं वावडं आहे असं नाही."

मग डॉक्टर ब्रँटनी सावधपणे विचारलं, "म्हणजे त्या स्वीकारतायत का?"

ऑर्व्हिलनं फोन बहिणीकडे दिला. अल्व्हिनानं तो दोन्ही हातांनी धरला, बरणी धरावी तसा. आणि सवय ही अशी गोष्ट, की तिच्या तोंडून निघालं, "छे हो, तुम्हाला उगाच त्रास. तुम्ही निघालाही असाल."

लोरेटानं डोळे मिटून घेतले. डेलनं भिंतीवर कपाळ टेकवलं. मर्टलनं एप्रनचा कोपरा मुठीत धरला. एखाद्या माणसाला आपणच वाढवलेल्या रीतीपासून कसं वाचवावं ते तिला सुचेना.

"अल्व्ही," ऑर्व्हिल म्हणाला. फोनवरच्या मोठ्या आवाजातच, कारण त्याला तो खाली आणायचं सुचलं नाही. "विहीर माझी होती. नाव घाल."

अल्व्हिना भावाकडे पाहत राहिली. प्रयोगात रंग बदलायला लागला की ती अशीच पाहायची. घाई करायची नाही आणि नजर काढायची नाही.

"हॅलो?" फिलाडेल्फिया म्हणालं.

"डॉक्टर ब्रँट," अल्व्हिना म्हणाली, "मला ते पदक हवं आहे."

तिचा चेहरा लाल झाला. अंगावरचे कपडे उतरवून उभं राहावं तसं तिला वाटत असणार. पण आभाळ काही पडलं नाही. पलीकडून आवाज मोठा झाला, काहीतरी आनंदाचं बोलू लागला, आणि ती मधे मधे "हो" म्हणाली. एकूण चारदा. मर्टलनं मोजले.

"भाषणाचं नाव?" अल्व्हिना फोनमध्ये म्हणाली. "आत्ताच हवंय? कार्यक्रमपत्रिकेत छापायला?"

ती थांबली. बाहेर डेलच्या बुटांनी दाबलेली माती दिसत होती.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "'ऑर्व्हिल टोलेफ्सनची विहीर.'"

पलीकडे लिहून घेण्याइतका वेळ गेला. तेवढ्यात ऑर्व्हिल टेबलाशी जाऊन बसला होता. कुणाकडे न बघता, दोन्ही हात मेणकापडावर पसरून, तो म्हणाला,

"टोलेफ्सनमध्ये दोन 'एल' आहेत म्हणावं. पूर्वेकडचे लोक एकच घालतात."